‘काही नाही, जाऊ द्या’

गेल्या वार्षिक सभेत आपल्या शाळेच्या सभागृहासाठी नवी ध्वनिक्षेपण यंत्रणा घ्यावी असा विषय निघाला. मागच्या रांगांतल्या ज्येष्ठ मंडळींना भाषणे ऐकू येत नाहीत, तेव्हा चांगले मोठे स्पीकर बसवावेत, असे बहुतेकांचे मत पडले. मी मागच्या रांगेतच बसलो होतो. काय चालले आहे हे शेजारच्या गृहस्थांना दोनदा विचारले. पहिल्यांदा ते म्हणाले, ‘काही नाही.’ दुसऱ्यांदा म्हणाले, ‘काही नाही सर, जाऊ द्या, नंतर सांगतो.’ ऐकू न येणाऱ्यांसाठी चाललेली ही चर्चा मला कळली ती दुसऱ्या दिवशी, चिटणीसांनी घरी येऊन कागद दाखवला तेव्हा!

त्यांनीच म्हटले, सर, तुमचे मत लिहून द्या. म्हणून हा लेख. मत आधीच सांगून टाकतो. स्पीकर मोठे केल्याने मागच्या रांगेला फारसे काही मिळणार नाही. आणि ज्यांच्यासाठी खरोखर खर्च करायला हवा ती मंडळी मागच्या रांगेत नाहीत, ती पहिली-दुसरीच्या वर्गात आहेत.

मला गेली नऊ वर्षे कमी ऐकू येते. दोन्ही कानांत यंत्रे आहेत. लोकांना वाटते, ऐकू येत नाही म्हणजे शांतता. माझ्याकडे शांतता कधीच नसते. पंखा ऐकू येतो, कुकरची शिट्टी ऐकू येते, रस्त्यावरचे हॉर्न तर नको तितके ऐकू येतात. कोणी बोलले हेही कळते. काय बोलले ते मात्र कळत नाही.

याचे कारण मी आयुष्यभर विज्ञान शिकवूनही स्वतःवर वेळ येईपर्यंत नीट समजून घेतले नव्हते. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी गुंडाळलेली एक नळी असते. तिच्यात पंधरा-सोळा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. उंच पट्टीचे बारीक आवाज टिपणाऱ्या पेशी नळीच्या तोंडाशीच असतात, आणि वयाने किंवा गोंगाटाने सहसा त्याच आधी जातात. एकदा गेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. आता आपल्या भाषेकडे पाहा. अ, आ, ओ हे स्वर जाड आणि भरदार असतात, ते पोचतात. स, श, फ, थ, त, ख ही व्यंजने बारीक आणि क्षीण असतात, ती गळतात. पाच, सात, आठ या तिन्ही आकड्यांत मला एकच ‘आ’ ऐकू येतो. भाजीवाल्याने ‘साठ’ म्हटले तरी तोच ‘आ’. हिशेब चुकला की तो समजतो, मास्तर म्हातारे झाले.

आवाज मोठा केला की हा ‘आ’ आणखी मोठा होतो, ‘स’ बिचारा होता तिथेच राहतो. शिवाय दुखावलेल्या कानाची एक खोड असते. हळू बोलले तर ऐकू येत नाही, आणि ओरडले तर एकदम कानठळ्या बसतात. मधली जागाच उरत नाही. त्यात आपले सभागृह! वर पत्रा, खाली फरशी, तिन्ही बाजूंना मोकळ्या भिंती. एक शब्द संपायच्या आत त्याचा प्रतिध्वनी पुढच्या शब्दावर चढतो. तिथे मोठे स्पीकर लावणे म्हणजे गढूळ पाणी मोठ्या नळाने सोडणे. त्यापेक्षा जाड पडदे, भिंतीला कापड लावलेले सूचनाफलक, खाली सतरंज्या, आणि वक्त्याच्या तोंडावर दिवा. हो, दिवा. आम्ही मंडळी अर्धे कानाने ऐकतो आणि अर्धे डोळ्यांनी. वक्त्याच्या पाठीमागे खिडकी असली की त्याचा चेहरा काळा दिसतो आणि आमचे निम्मे ऐकणे तिथेच बुडते.

हे डोळ्यांनी ऐकणे मी प्रथम पाहिले ते घरात. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणत असू, इंदूरच्याच एका कापड गिरणीत साचेखात्यात होते. ८५ डेसिबलच्या आवाजात रोज आठ तास काढणे ही कानाच्या सोसण्याची हद्द मानतात. शेकडो माग एकदम धडधडत तेव्हा ती हद्द कुठल्या कुठे मागे राहत असे. कानांना बोळा लावायची पद्धत नव्हती. साचेखात्यातली माणसे एकमेकांशी ओठांवरून आणि हातवाऱ्यांनी बोलत, आणि नाना त्यात इतके तरबेज होते की चार ओळी पलीकडच्या माणसाची चहाची वेळ ठरवत. घरी आल्यावर मात्र आई चुलीकडे तोंड करून बोले आणि नानांना काहीच कळत नसे. ते ‘काय?’ म्हणत. आई पुन्हा सांगे. तिसऱ्यांदा ती म्हणे, ‘काही नाही, जाऊ द्या.’ तिचा दोष नव्हता. भाकरी तव्यावर, आम्ही चार मुले अंगावर, आणि सांगायची गोष्ट ती काय, शेजारणीच्या मांजराने दूध प्याले! तीनदा सांगण्यासारखे त्यात काय होते?

पण घरातले बोलणे असल्याच गोष्टींचे बनलेले असते. महत्त्वाचे ते नानांना सगळे जण सांगत. फीची तारीख, लग्नाची तिथी, कोणाच्या मरणाची बातमी. मांजराचे, विनोदाचे, रागाने पुटपुटल्याचे त्यांच्यापर्यंत येईना. हळूहळू त्यांनी ‘काय?’ विचारणेच सोडले. हसायचे, ‘हो हो’ म्हणायचे. वाड्यातले लोक म्हणत, नाना फार तिरसट झाले, हाक मारली तर ओ देत नाहीत. वर्षातून एकच रात्र ते मनापासून बोलत. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या निघत तेव्हा. ढोल-ताशांच्या त्या गदारोळात अवघे इंदूर बहिरे झालेले असे, आणि ओठ वाचता येणारे एकटे नानाच!

ओठ वाचणे म्हणजे जादू आहे असे मात्र समजू नका. आरशासमोर उभे राहून आवाज न काढता ‘पान’, ‘मान’, ‘भान’, ‘बाण’ म्हणून पाहा. ओठ चारही वेळा सारखेच मिटतात आणि उघडतात. क आणि ग तर घशात होतात, ते दिसतच नाहीत. बाकीचे अंदाजाने भरावे लागते, आणि अंदाज बांधायला विषय माहीत असावा लागतो. म्हणून मध्येच विषय बदलला की आम्ही गटांगळी खातो. २०२० साली करोनात सगळ्यांच्या तोंडांवर मास्क आले, तेव्हा आपण किती ओठ वाचत होतो हे माझ्यासारख्या पुष्कळांना पहिल्यांदा समजले.

आता जे लिहायचे आहे ते लिहिताना मला संकोच होतो. पण आपल्याच अंकात लिहितो आहे, तेव्हा लिहितो.

नव्वदच्या दशकात माझ्या वर्गात एक मुलगी होती. चुणचुणीत, अक्षर मोत्यासारखे. शुद्धलेखनात मात्र रोज दहांत तीन. ‘मान’ सांगितले तर ‘बाण’ लिही. मी तोंड फळ्याकडे करून शब्द सांगत असे, मग टेबलाशी येऊन पुन्हा एकदा. हाक मारली तर कधी पहिल्या हाकेला उठे, कधी तिसऱ्या. ‘लक्ष कुठे असते तुझे?’ हे वाक्य मी तिला किती वेळा ऐकवले असेल याची गणती नाही. खरे तर ऐकवले असे म्हणणेही चूकच! तिला बाकावर उभेही केले आहे. घरात नानांबरोबर वाढलेला मी, मला ते ओळखता आले नाही. मोठ्या माणसाला ऐकू येत नाही हे आपण मान्य करतो. मुलाला ऐकू येत नाही तेव्हा आपण म्हणतो, मूल आगाऊ आहे किंवा मंद आहे.

दोन वर्षांनी तिचा कान वाहू लागला म्हणून डॉक्टरांकडे नेले तेव्हा तपासणी झाली. दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होते. यंत्र मिळाले. आणि तपासणी करणाऱ्यांनी त्या काळी सर्रास दिला जाणारा एक सल्ला दिला: मुलीवर एकाच भाषेचा भार टाका, घरीदारी फक्त हिंदी बोला, मराठी बंद. आईवडिलांनी शाळेत येऊन विचारले. मी आणि आणखी दोघा शिक्षकांनी मान डोलावली. वडील हिंदीत बोलू लागले, आईही प्रयत्नाने शिकली. आजीला काही ते जमले नाही. ती साताऱ्याकडची, तिला बाजारापुरती हिंदी येई. मुलीशी घरात सगळ्यांत जास्त बोलणारे, तिला मांडीवर घेऊन तोंडासमोर तोंड आणून बोलणारे एकच माणूस होते, आणि आम्ही त्याला गप्प केले.

आज तज्ज्ञ तसा सल्ला देत नाहीत. कमी ऐकू येणारी मुलेसुद्धा दोन भाषा शिकू शकतात, दोन्हींत त्यांच्याशी भरपूर आणि समोरासमोर बोलले जात असेल तर, असे आता अभ्यासांतून दिसले आहे. मुलाशी सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत प्रेमाने बोलणारे माणूस ज्या भाषेत बोलते, ती भाषा आधी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा विद्यार्थ्यांना दुसऱ्या-तिसऱ्या भाषेच्या अभ्यासक्रमातून सूट, परीक्षेत जादा वेळ वगैरे सवलतींची तरतूद आहे. ज्याला हवी त्याने ती जरूर घ्यावी. पण तो मुलाचा हक्क आहे. ‘मराठी सोडून द्या’ असे शाळेने सुचवण्याचा तो परवाना नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात राहून मराठी टिकवल्याचा आपल्याला अभिमान आहे ना? मग ती ज्याला कष्टाने मिळते त्याच्याकडून आधी काढून घेऊ नये.

हीच गोष्ट खुणांच्या भाषेची. ‘खुणा करू दिल्या तर मूल बोलायला शिकणार नाही’ ही भीती आपल्याकडे अजून आहे. ती जुनी आहे. १८८० साली इटलीत मिलान येथे बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करून फक्त बोलणे शिकवावे असा ठराव झाला. त्या ठरावांबद्दल त्याच नावाच्या परिषदेने खेद व्यक्त केला तो २०१० साली, कॅनडातील व्हँकुव्हर येथे. मधल्या १३० वर्षांत किती मुलांचे हात बाकाखाली धरून ठेवले गेले असतील!

भाषाच मिळाली नाही तर काय होते हे इंदूरकरांना वेगळे सांगायला नको. २०१५ साली पाकिस्तानातून परत आलेली गीता आपल्याच गावात राहिली. लहानपणी चुकून सीमेपलीकडे गेलेली, ऐकू-बोलू न शकणारी ही मुलगी कराचीत ईधी यांच्या संस्थेने सांभाळली. गाव कोणते, आईचे नाव काय, हे तिला सांगता येत नव्हते. नदी होती, देऊळ होते, रेल्वे स्टेशन होते, एवढे ती खुणांनी सांगे. २०२१ साली तिची आई मराठवाड्यात सापडल्याच्या बातम्या आल्या, म्हणजे मराठी घरातलीच लेक! बुद्धीने ती कुठेही कमी नव्हती. घराचे नाव ज्या भाषेत सांगायचे ती भाषाच तिला वेळेवर कोणी दिली नव्हती.

आणि भाषा मिळाली तर काय होते तेही पाहा. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या बधिर वकील बाई दुभाष्याच्या मदतीने सर्वोच्च न्यायालयात, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्यासमोर उभ्या राहिल्या. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे, ती हिंदीही नाही आणि मराठीही नाही. तिच्यासाठी २०१५ साली दिल्लीत राष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि २०२१ पर्यंत त्या संस्थेच्या शब्दकोशात दहा हजार शब्द जमा झाले. ‘मूकबधिर’ हा शब्द आता सोडावा असे मला वाटते. यांपैकी बहुतेकांच्या गळ्यात काही बिघाड नसतो. त्यांनी आवाज ऐकलेला नसतो, म्हणून त्यांना तो काढता येत नाही, इतकेच.

पालकांशी दोन शब्द बोलतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात दीडशे कोटींहून अधिक लोकांना कमी-अधिक ऐकू येत नाही, आणि मुलांमधल्या श्रवणदोषांपैकी जवळजवळ ६० टक्के टाळता येण्यासारख्या कारणांनी होतात. वाहणारा कान हे त्यांतले आपल्या घरांत सर्रास दिसणारे कारण. ‘दात येताना वाहतो, पावसाळ्यात वाहतो, आपोआप थांबेल’ म्हणून सोडू नका, आणि कानात तेल, लसणीचे तेल, केसांची पिन यांपैकी काहीही घालू नका. गोवर-रुबेलाची लस चुकवू नका. गरोदर बाईला रुबेला झाला तर होणारे मूल बहिरे होऊ शकते. नात्यातल्या लग्नांबद्दल बोललेले काहींना आवडणार नाही, पण मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत अजून आपल्यात आहे आणि जन्मजात बहिरेपणाची शक्यता तिने वाढते, हे माहीत असू द्यावे. मोठ्या मुलांनी कानात खुपसायच्या त्या बटणांचा आवाज साठ टक्क्यांच्या वर नेऊ नये.

आणि यंत्र लपवू नका. मुलीच्या बाबतीत ‘पुढे लग्नाला अडेल’ म्हणून केसांखाली झाकलेले यंत्र, मग तपासणीला टाळाटाळ, मग डबीत पडून राहिलेले यंत्र, हे मी दोन घरांत पाहिले आहे. चष्म्याला आपण असे करतो का? यंत्र चष्म्यासारखे लगेच काम देत नाही, हेही खरे. पहिले काही आठवडे वर्तमानपत्राची घडी मोडल्याचा आवाजही पत्रा फाटल्यासारखा वाटतो. कानाला आणि मेंदूला सवय व्हावी लागते. मीसुद्धा पहिले यंत्र पंधरा दिवसांत कपाटात ठेवले होते. सौ.ने ते बाहेर काढले.

आता विश्वस्त मंडळाला माझे सांगणे. पहिली, तिसरी आणि सहावी या वर्गांतल्या प्रत्येक मुलाची दर वर्षी जूनमध्ये कान आणि श्रवण तपासणी व्हावी. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली सरकारी आणि अनुदानित शाळांतील मुलांची जी तपासणी होते तिच्यात ऐकण्याचाही समावेश आहे, पण गर्दीच्या दिवशी गोंगाटाच्या वर्गात ती नीट होत नाही. आपण आपला तज्ज्ञ आणि एक शांत खोली द्यावी. प्रमाणपत्राच्या हद्दीत न बसणारी मुले यात सापडतील, आणि तीच महत्त्वाची. कायद्याने दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल घट म्हणजे ‘ऐकण्यास कठीण’ आणि ७० च्या वर ‘बधिर’. ज्याची घट पस्तीस-चाळीस आहे त्याला कोणताही कागद मिळत नाही, शुद्धलेखनात मात्र दहांत तीन मिळतात.

अशा मुलाला पुढच्या बाकावर, भिंतीपासून आणि पंख्यापासून दूर बसवावे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो, तेव्हा दुसरा बाक आणि चौथा बाक यांत पुष्कळ फरक आहे. शिक्षकांनी फळ्याकडे तोंड करून बोलू नये. (मिशा ओठांवर येऊ देऊ नयेत असेही मी सुचवणार होतो, पण काही सहकारी दुखावतील.) शनिवारच्या छंदवर्गात पाचवीच्या मुलांना भारतीय सांकेतिक भाषेची ओळख करून द्यावी. मुलांना ती फार आवडेल, निदान परीक्षेत मागच्या बाकाशी बोलायला तरी. या सगळ्याचा खर्च मोठ्या स्पीकरांच्या आकड्यापेक्षा कमी येईल असा माझा अंदाज आहे. चिटणीसांनी दोन्ही अंदाजपत्रके शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

एक मात्र कोणत्याही अंदाजपत्रकात बसत नाही. परवा माझा नातू आणि त्याची आई जेवताना कशावरून तरी पोट धरून हसत होती. मी विचारले, ‘काय झाले रे?’ तो हसू आवरत म्हणाला, ‘काही नाही, आजोबा.’ मग थांबला. बहुधा माझा चेहरा पाहिला असावा. ताट घेऊन समोर येऊन बसला आणि सगळे पहिल्यापासून सांगितले, हातवारे करून. विनोद अगदीच सामान्य होता. वर्गात कोणाचे तरी बूट बदलले गेले होते, त्याबद्दल काहीतरी. मी दोनदा सांगायला लावला.

त्या जुन्या विद्यार्थिनीचा पत्ता मला ठाऊक नाही. हा अंक कोणाच्या हातून तिच्यापर्यंत पोचला तर तिने हे वाचावे.

यंत्र, त्याच्या बॅटऱ्या, पावसाळ्यात दमट हवेपासून ते कसे जपावे, सरकारी योजनेचा अर्ज कसा भरावा, यांपैकी काही विचारायचे असेल त्या पालकांनी शनिवारी दहा ते बारा शाळेच्या ग्रंथालयात यावे. मी खिडकीकडे तोंड करून बसलेला असतो. मागून हाक मारू नका, समोरून या.